टाकी, डबा आणि कोळशाचं पोतं

आपल्या ओळखीत सीएनजी किट बसवलेला एक तरी मित्र असतोच. पुण्याहून कोल्हापूरला जाताना तो रुपये-किलोमीटरचा हिशेब तोंडपाठ ऐकवतो. फक्त "बॅगा कुठे ठेवायच्या?" असं विचारलं की जरा गप्प होतो. कारण डिकीत सिलेंडर असतो. पेट्रोलच्या टाकीच्या जोडीला दुसरं इंधन आलं, पैसे वाचले, पण बॅगा मांडीवर आल्या.

अमेरिकेत लोक मोठ्या पिकअप ट्रकला मागे अख्खं चाकावरचं घर जोडून भटकायला जातात. एवढं ओढायचं तर कंपनीची टाकी पुरत नाही, म्हणून मागच्या हौद्यात दुसरी टाकी बसवतात. तिथेही हेच. टाकी आली की हौद्यातली जागा गेली, आणि भरलेल्या टाकीचं वजन गाडीच्या वजन पेलायच्या मर्यादेतून वजा झालं. म्हणजे प्रश्न एकच: जास्तीचं इंधन न्यायचं तर त्याच्या बदल्यात काय खाली उतरवायचं? आणि उतरवायचं कोणी ठरवायचं?

हा प्रश्न आपल्याकडे सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर ऐंशी वर्षांपूर्वी फार जोरात विचारला गेला होता. त्याची ही गोष्ट. थोडी लांबण लागेल, पण चहा घेऊन बसा.

सुरुवात बैलगाडीपासून करू. बैलाचं इंधन म्हणजे कडबा. माणदेशातून मालाची गाडी लांबच्या बाजाराला निघाली की पोत्यांवर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या असायच्या, कारण दुष्काळी भागात वाटेत वैरण मिळेलच याची खात्री नाही. मुक्काम वाढला की पेंढ्या वाढल्या, पेंढ्या वाढल्या की माल कमी. एका मर्यादेनंतर बैल स्वतःचीच वैरण ओढायला लागतात आणि व्यापार तोट्यात जातो. अवकाशयान बनवणारे इंजिनीयर आज नेमकं याच गणिताशी झगडतात, आपल्या गाडीवानाला ते शाळेत न जाता येत होतं.

मग आलं रॉकेल. 'रॉक ऑईल'चं झालं रॉकेल आणि 'गॅसलाईट'चं झालं घासलेट, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. पण त्याच्या डब्याची गोष्ट भारी आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेहून येणारं रॉकेल चार गॅलनच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात यायचं, एका लाकडी खोक्यात दोन डबे. १८९२ मध्ये मार्कस सॅम्युअल या लंडनच्या व्यापाऱ्याने (पुढे याचीच 'शेल' कंपनी झाली) रशियन रॉकेल टँकर जहाजातून सुएझमार्गे पूर्वेकडे आणायला सुरुवात केली. डब्यांचा आणि खोक्यांचा खर्च वाचला, तेल स्वस्त झालं, तरी गिऱ्हाईक म्हणावं तसं फिरकेना. का? तर लोकांना तेलाइतकाच डबाही हवा होता! रिकाम्या डब्यात पाणी भरता येतं, धान्य ठेवता येतं, कापून छपराला पत्रा होतो. शेवटी सॅम्युअलने पत्रा मागवून पूर्वेकडेच लाल डबे बनवायला घेतले, तेव्हा कुठे धंदा चालला. पॅकेजिंग हा सुद्धा प्रॉडक्टचा भाग असतो हे आपल्या मार्केटिंगवाल्यांच्या कितीतरी आधी आपल्या आज्या-पणज्यांना कळलं होतं. आजही किराणा दुकानात १५ किलो तेलाचा 'डबा' मिळतो, तो याच घराण्यातला.

या डब्याने गाडीवाल्यांचीही सोय केली. १९२०-३० च्या दशकांत आपल्याकडे खाजगी 'सर्व्हिस मोटारी' धावायला लागल्या. पुणे-मिरज रेल्वे होती, पण ती मीटरगेज आणि स्टेशनं गावांपासून लांब. कराडचं स्टेशन आजही गावापासून दूर ओगलेवाडीला आहे. त्यामुळे मधली सगळी वाहतूक या मोटारींवर. सर्रास पेट्रोल पंप होण्याआधी पेट्रोलसुद्धा डब्यातून मिळायचं. जास्तीचा पल्ला हवा असेल तर एक डबा जास्त घ्यायचा, टपावर किंवा पायरीवर बांधायचा. झाली जादा टाकी!

तेव्हाचा नकाशाही लक्षात घ्या. आजचे दोन जिल्हे तेव्हा नव्हते. ब्रिटिशांचा एक मोठा सातारा जिल्हा होता आणि त्याच्या मध्ये-अध्ये सांगली, मिरज, औंध, फलटण, जत अशी संस्थानं. १९४९ मध्ये उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा अशी विभागणी झाली आणि दक्षिण साताऱ्याचं नाव १९६० मध्ये सांगली झालं. या मुलखात यंत्रांची जाण चांगली होती. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा नांगर आणि इंजिनांचा कारखाना होता. म्हणजे लोखंड होतं, लेथ होतं, हुशार मिस्त्री होते. नव्हतं ते फक्त पेट्रोल. ते बाहेरून यायचं.

आणि १९४२ मध्ये ते 'बाहेर'च बंद पडलं.

हिंदुस्थानला लागणाऱ्या तेलातला मोठा वाटा ब्रह्मदेशातून यायचा. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं. जपान्यांच्या हाती लागू नये म्हणून ब्रिटिशांनी रंगूनजवळची सिरियमची रिफायनरी मार्चमध्ये आणि येनानज्याउंगच्या तेलविहिरी एप्रिलमध्ये स्वतःच उडवून दिल्या. आसामातलं दिग्बोई होतं, पण ते किती पुरणार? इराणचं तेल यायचं, पण आधी लष्कराला. पेट्रोलचं रेशनिंग त्याआधी, १९४१ मध्येच सुरू झालं होतं, ते आता कडक झालं. कुपनावर मिळेल तेवढंच पेट्रोल. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, रस्ता तोच, टाकी मात्र कोरडी.

मग देशभरातल्या मोटारवाल्यांनी जो उपाय केला तो म्हणजे 'गॅस प्लँट', अर्थात कोळशावर चालणारी मोटार. तुमच्या घरात नव्वदीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांना जरूर विचारा. बसच्या मागे किंवा बाजूला बंबासारखी उभी लोखंडी टाकी, तिच्याशेजारी पंख्याचं हँडल फिरवणारा क्लीनर, आणि "अजून पेटली नाय" म्हणून झाडाखाली बसलेले पॅसेंजर.

आता हे चालायचं कसं? कोळसा म्हणजे खाणीतला दगडी कोळसा नव्हे, लाकडाचा, ज्याला आपण लोणारी कोळसा म्हणतो तो. तो बंबात भरायचा, खालून पेटवायचा, पण हवा मुद्दाम कमी सोडायची. भरपूर हवा मिळाली तर कोळसा पूर्ण जळून कार्बन डायऑक्साईड होतो आणि संपलं. कमी हवेत मात्र तो कार्बन डायऑक्साईड वरच्या लालभडक निखाऱ्यांतून जाताना आणखी एक कार्बन उचलतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साईड बनतो. हा जळणारा वायू. त्यात थोडा हायड्रोजन. हा वायू गाळायचा, थंड करायचा, हवेत मिसळायचा आणि पेट्रोल इंजिनात सोडायचा. इंजिन चालतं! पण एक मोठी अडचण: या वायूचा निम्म्याहून जास्त भाग हवेतला नायट्रोजन असतो, जो काहीच काम करत नाही. म्हणजे सिलेंडर प्रत्येक वेळी पूर्ण भरतो खरा, पण निम्मा फुकट्या पॅसेंजरांनी. त्यामुळे इंजिनाची ताकद एक तृतीयांश ते जवळजवळ निम्म्याने कमी व्हायची.

चला, एक रफ एस्टिमेट करू. (सवय जात नाही :) ) सातारा ते सांगली, कराड-पेठ नाका-आष्टा मार्गे, साधारण सव्वाशे किलोमीटर. त्या काळची छोटी बस लिटरला पाच किलोमीटर देते असं धरू. म्हणजे पेट्रोल २५ लिटर, वजन १८-१९ किलो. एक लिटर पेट्रोलच्या जागी गॅस प्लँटमधले लॉसेस धरून सुमारे दीड किलो कोळसा लागतो, म्हणजे झाला ३८ किलो. वजन दुप्पट, यात फार काही नाही. पण कोळसा हलका आणि पोकळ. ३८ किलो कोळशाला जागा लागते १७०-१८० लिटर, म्हणजे पेट्रोलच्या सातपट! वर गाडी सुरू करताना आणि थांब्यावर निखारे जिवंत ठेवताना जळणारा कोळसा वेगळा. परतीचा वेगळा. आणि बंब, गाळणी, थंड करायचे पाईप हे सगळं मिळून दोन-तीन माणसांचं वजन कायमचं गाडीवर. टपावर जिथे पॅसेंजरांच्या वळकट्या आणि भाजीच्या पाट्या जायच्या, तिथे आता कोळशाची पोती. निम्म्या ताकदीच्या इंजिनाने हा सगळा संसार ओढायचा.

सपाटीवर एकवेळ जमून जायचं. खरी परीक्षा घाटात. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला जायचं म्हणजे साडेपाचशे-सहाशे मीटर सरळ चढण. पुण्याच्या वाटेवर खंबाटकी आहेच. चढावर ताकद अपुरी पडली की तीन उपाय: राखून ठेवलेलं कुपनाचं पेट्रोल थोडं वापरायचं, थांबून आग फुलवायची, किंवा पॅसेंजरांना खाली उतरवायचं. तिकीट काढून चालत घाट चढायचा आणि वर गाडीला धक्का द्यायचा, याच्या आठवणी महाराष्ट्रभर सांगितल्या जातात त्या या काळातल्या. सुरुवातीला मी प्रश्न विचारला होता की जादा इंधनाच्या बदल्यात काय उतरवायचं. इथे उत्तर अगदी शब्दशः मिळतं: माणसं.

पण माझ्या मते या गोष्टीतला महत्त्वाचा भाग गाडीच्या बाहेर आहे. पेट्रोल पंपावर नळी धरली की काम झालं. कोळशाच्या गाडीमागे मात्र माणसांची रांग होती. क्लीनर पहाटे उठून राख काढणार, गाळणी साफ करणार, बंब पेटवणार, हँडल मारणार. कार्बन मोनॉक्साईडला ना रंग ना वास. बंद शेडमध्ये बंब धुमसत राहिला तर जीव जायचा. त्याच्यामागे कोळशाचा अड्डेवाला. त्याच्यामागे सह्याद्रीच्या रानात भट्टी लावणारे मजूर, लोणारी, कातकरी. लाकडं रचायची, पाला-माती लिंपायची, दिवसचे दिवस भट्टीवर नजर ठेवायची, कारण एक भोक पडलं की आत हवा शिरून सगळ्याची राख. साध्या भट्टीत चार-पाच किलो लाकडातून जेमतेम एक किलो कोळसा निघतो. म्हणजे सातारा-सांगली एका फेरीचे ३८ किलो म्हणजे दीड-पावणेदोनशे किलो लाकूड. ब्रह्मदेशातली विहीर बंद झाली तेव्हा तिची जागा सह्याद्रीतल्या झाडांनी आणि त्या झाडांखाली राबणाऱ्या माणसांनी भरून काढली. बसच्या तिकिटावर त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

त्याच काळात याच जिल्ह्यात एक वेगळंच सरकार चालू होतं, जे पेट्रोलच्या कुपनावर अजिबात अवलंबून नव्हतं. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. कार्यकर्ते रात्री उसातून, बांधावरून, गावोगावच्या घरांतून पायी फिरायचे. भाकरी गावात मिळायची. म्हणजे इंधन वाटेवर आधीच साठवलेलं! ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ तुफान सेनेने, जी. डी. बापू लाड यांच्या नेतृत्वाखाली, पगाराचे पैसे नेणारी रेल्वे अडवली. गाड्या, तारा, पेट्रोल सगळं सरकारकडे आणि तरी १९४६ पर्यंत हे प्रतिसरकार त्यांना मोडता आलं नाही. यामागे अनेक कारणं आहेत, पण ज्याचा पुरवठा लोकांच्या घरात आहे त्याचा पल्ला मोजता येत नाही, हे त्यातलं एक नक्की.

आणि जो पेट्रोल सरकारकडे जात होतं ते तरी नीट वापरलं जात होतं का? तर तिथे परत आपला डबा भेटतो. साताऱ्याची किती तरी पोरं तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होती, आणि मराठ्यांच्या पलटणी उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढत होत्या. तिथे ब्रिटिश फौजेचं पेट्रोल जायचं चार गॅलनच्या पातळ पत्र्याच्या डब्यातून. ट्रकच्या हादऱ्यांनी शिवण उसवायची आणि पेट्रोल वाळूत. तळापासून वापरणाऱ्यापर्यंत पोचेतो सुमारे ३० टक्के पेट्रोल वाया जातं, असा अंदाज खुद्द सेनापती ऑकिनलेक यांनी नोंदवला. जर्मनांकडे मात्र १९३७ च्या सुमारास तयार झालेला २० लिटरचा मजबूत कॅन होता: दोन अर्ध्या भागांचं वेल्डिंग, बाजूला दाबाने तयार केलेल्या खाचा, वर तीन दांड्या, जेणेकरून एक माणूस रिकामे चार कॅन उचलेल आणि भरलेला एक कॅन दोघं मिळून पास करतील. ब्रिटिशांनी हाती लागलेले कॅन आधी वापरले आणि मग सरळ नक्कल केली. जर्मनांना ते 'जेरी' म्हणत, म्हणून नाव पडलं जेरीकॅन. जून १९४२ मध्ये टोब्रुक पडलं तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियनही तिथे कैद झाली. विचार करा, इकडे पसरणी घाटात माणसं पेट्रोल नाही म्हणून चालतायत आणि तिकडे तेच पेट्रोल फुटक्या डब्यातून वाळवंट पितंय!

ही कोळशाची कसरत फक्त आपल्याकडे होती असं मात्र नाही. जर्मनी, फ्रान्स, स्वीडनमध्ये लाकूड आणि कोळशावरच्या गाड्या प्रचंड संख्येने धावत होत्या. खुद्द लंडनमध्ये १९४२ च्या सुमारास बसच्या मागे गॅस प्लँटचा दोन चाकी ट्रेलर जोडत. म्हणजे गाडीने आपली टाकी मागून ओढायची! पॅसेंजरांची जागा वाचली, पण चढावर बस धापा टाकायची. १९४४ मध्ये पेट्रोलची परिस्थिती सुधारताच लंडनने ते ट्रेलर सोडून दिले.

आपल्याकडेही युद्धानंतर पेट्रोल मिळू लागलं तसे बंब भराभर उतरले. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि हळूहळू सर्व्हिस मोटारींचा जमाना संपला. पुढे डिझेल आलं. कोळशाच्या गाडीसाठी कोणी रडलं नाही, आणि रडावं असं तिच्यात काही नव्हतंही. मला तिचं रोमँटिक चित्र रंगवायचं नाहीये. ती नाइलाजाची गाडी होती. पण आपलं इंधन कुठून येतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे तिने उघड्यावर, टपावर पोती बांधून दाखवलं. पेट्रोलच्या टाकीने ते पुन्हा झाकून टाकलं.

आता हे सगळं आज कशाला? तर त्याला कारण आहे आणि ते परत सांगली जिल्ह्यातूनच जातं. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे जे पायलट प्रोजेक्ट देशात सुरू झाले, त्यातला एक मिरजेला होता. (दुसरा मनमाडला, तिसरा उत्तर प्रदेशात बरेलीला.) शेजारी उसाचे मळे आणि साखर कारखाने, त्यामुळे जागा बरोबरच निवडली. २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्के इथेनॉल सुरू झालं आणि २०२५ पर्यंत देशभर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. आयात कमी, परकीय चलन वाचतं, शेतकऱ्याला आणखी एक गिऱ्हाईक मिळतं. १९४२ ची आठवण असलेल्या देशाने हे करावं यात काही गैर नाही.

पण हिशेब इथेही मांडायलाच हवा. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे ई-२० च्या एका लिटरमध्ये ऊर्जा साधारण ७ टक्क्यांनी कमी. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या पद्धतीच्या चारचाकींचं मायलेज ६-७ टक्क्यांनी घटेल असंच म्हटलं होतं. ४० लिटरची टाकी कागदावर ४० चीच राहिली, पण तिच्यातला पल्ला ३७ लिटरचा झाला. टपावर पोती दिसत नाहीत इतकंच. आणि दुसरा हिशेब पाण्याचा. ऊस पाणी पितो, आणि ज्या जिल्ह्यांत कृष्णाकाठी ऊस उभा असतो त्याच जिल्ह्यांत माण, खटाव, आटपाडी, जत हे दुष्काळी तालुकेही आहेत. तेव्हा टाकी सह्याद्रीच्या रानातून भरत होती, आता थोडीफार कृष्णेतून भरते. म्हणून इथेनॉल नकोच असं मी म्हणत नाहीये. मका, खराब झालेलं धान्य असे दुसरे मार्गही आहेत. पण मायलेज किती पडलं यावर आपण तावातावाने भांडतो, आणि पाणी किती गेलं हे विचारत नाही, हे काही बरोबर वाटत नाही.

बॅटरीच्या गाडीलाही हे गणित चुकलेलं नाही. पल्ला वाढवायचा तर बॅटरी वाढवा, बॅटरी वाढली की वजन वाढलं, वजन वाढलं की पल्ला थोडा घटला. आपला माणदेशी गाडीवान हे ऐकून नुसता हसेल आणि कडब्याची एक पेंढी खाली उतरवेल.

थोडक्यात काय, जादा टाकी फुकट कधीच येत नाही. कधी डिकी जाते, कधी पॅसेंजर उतरतो, कधी रान जातं, कधी नदीचं पाणी. गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, बूट स्पेस विचारतो. या इंधनासाठी कोणाला खाली उतरवलंय, एवढा एक प्रश्न त्या यादीत घालायला काय हरकत आहे?

असो. आजच्यासाठी एवढं पुरे. चहा गार झाला असेल.